गार हात

नंदुरबारच्या मिरची पथारीवर, लाल मिरच्या वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर, इंदू मालचे लहानपणापासून बसत आली होती, आणि तेव्हापासून तिच्या हातांची आग कधी पूर्ण विझलीच नव्हती. ओल्या लाल मिरचीचा देठ खुडताना रस बोटांना लागतो. सकाळी काही वाटत नाही. दुपारपर्यंत नखांच्या मुळाशी चुरचुर सुरू होते आणि संध्याकाळी हात विस्तवात धरल्यासारखे पेटतात. बाया तेल चोळून यायच्या, घरी जाऊन ताकात हात बुडवून बसायच्या, आणि तरी झोपेत आपलाच हात गालाखाली आला की दचकून उठायच्या. मध्यंतरी यंत्रं येऊन गेली. एकानं देठाबरोबर मिरचीचा खांदा फाडला, दुसऱ्यानं बी सांडलं. परदेशी जाणाऱ्या मालाला अखंड मिरची लागते आणि अखंड मिरची बाईच्या हातूनच निघते. तेव्हा ही आग कामाचाच भाग धरलेली होती, उन्हासारखी. तिच्याबद्दल तक्रार कुणाकडे करणार?

छातीतली गाठ मात्र आधी दुखली नाही. दुखायला लागली तेव्हा ती लिंबाएवढी झाली होती.

कर्करोग केंद्रातल्या डॉ. शर्वरी केळुसकर अर्ध्या वाक्यावर थांबून समोरच्याला कळलं का ते बघणाऱ्या डॉक्टर होत्या. इंदूबरोबर तिची मुलगी रीना होती. रीनाचा बाप तिच्या लहानपणीच गेलेला. घरात ह्या दोघीच.

"बऱ्याच गाठींना कुलपं असतात," डॉक्टर म्हणाल्या. "आपण औषधाची किल्ली लावतो. तुमच्या गाठीला नेहमीच्या तीन कुलपांतलं एकही नाही. आणि ती घाईत आहे."

"मग दार तोडा," इंदू म्हणाली.

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी पडद्यावर एक चित्र मोठं केलं. निळ्या पेशींच्या दाटीत पिवळे धागे शिरले होते, भिंतीत पिंपळाची मुळं शिरावीत तसे.

"ह्या तुमच्या नसा. हलवायच्या नव्हेत, कळायच्या. आग, चटका, टोचणं मेंदूला सांगणाऱ्या सगळ्यांत बारीक नसा. चांगल्या अंगात त्या आपल्या जागी असतात. ही गाठ एक प्रथिन सोडून त्यांना आपल्याकडे ओढून घेते. आत आलेली नस स्वतःचं रसायन सोडते, त्यानं गाठीतल्या काही पेशी मरतात."

"मरतात तर बरंच की," रीना म्हणाली.

"तसंच वाटतं. पण मरताना पेशीतला आरएनए बाहेर सांडतो आणि शेजारच्या पेशी तो सांडलेला माल म्हणजे इशारा समजतात. जागा सोडा, रक्तात शिरा, पुढे चला. नसा नसतील तर ही गाठ बहुधा आहे तिथेच बसून राहते. नसा असल्या की ती फुप्फुसात जाते, हाडांत जाते."

इंदू चित्राकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्याच नसा तिला फितूर?"

"फितूर नाहीत हो. बोलावलं म्हणून येतात."

उपाय त्यांनी समजावला तेव्हा रीनाला हसू आवरेना. मिरचीची आग नेमक्या ह्याच नसांना कळते. त्यांच्या टोकांवर एक दार असतं, ते उष्णतेनं उघडतं आणि मिरचीच्या रसानंही. निवडुंगासारख्या एका झाडाच्या चिकात मिरचीच्या रसाची थोरली बहीण शोभेल असा पदार्थ आहे, हजारो पटींनी जहाल. तो त्याच दारातून आत शिरतो आणि टोक जाळून बाहेर पडतो. गाठीच्या पेशी शरीरात कुठेही पोहोचलेल्या असू शकतात, म्हणून औषध सगळ्या अंगाला द्यायचं. हात लावलेला कळणाऱ्या नसा जाड असतात, त्यांना ते दार नसतं. त्या शाबूत राहतात.

"तुम्हाला स्पर्श कळेल. भाजलेलं, कापलेलं कळणार नाही. पोटात दुखलेलंही नाही. म्हणून रोज सगळं अंग डोळ्यांनी तपासायचं. आणि नसा हट्टी असतात, वर्षभरात पुन्हा वाढतात. त्यामुळे दर वर्षी इंजेक्शन."

"मिरचीची आग?"

"तीही कळणार नाही."

इंदू आजारी माणसाला न शोभणाऱ्या उत्साहानं म्हणाली, "मग कधी देता?"

*

ती बरी झाली. गाठ आक्रसली, मग काढता आली. पुढच्या तपासण्यांमध्ये फुप्फुसं स्वच्छ निघाली. पुढच्या हंगामात इंदू पथारीवर जाऊन बसली आणि सूर्य मावळला तरी उठेना.

प्रत्येक बाईच्या डोक्यावर कॅमेरा असायचा आणि खुडलेल्या मिरचीचं वजन समोरच्या पडद्यावर चढत जायचं. इंदूचं नाव सगळ्यांच्या वर जाऊन बसलं ते खाली आलंच नाही. मुकादम लोटनआप्पा तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"इंदू, हात आहेत का चिमटे?"

"गार पडलेत आप्पा. डॉक्टरनं विझवले."

"असे विझवून मिळतात?" त्यानं हसत विचारलं. पण जाताना तो हसत नव्हता, विचार करत होता.

बाया तिला 'गार हाताची' म्हणायला लागल्या. आधी चेष्टेनं, मग हेव्यानं. शेजारची भिकी तर रोज विचारायची, "माय वं, मला का नाही होत कॅन्सर?" आणि सगळ्या खो-खो हसायच्या.

तिसऱ्या हंगामाआधी पथारीवर शिबिर लागलं. कर्करोग प्रतिबंध शिबिर, खर्च व्यापाऱ्यांचा. डॉ. केळुसकर त्यात नव्हत्या. कुठली तरी खाजगी मंडळी होती, पांढरी गाडी आणि गोड बोलणारी माणसं. जे औषध गाठ पसरू देत नाही ते आधीच घेतलं तर काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. लोटनआप्पानं इंदूला पुढे केलं. तिनं सगळ्यांसमोर मिरचीपुडीच्या घमेल्यात मनगटापर्यंत हात घातला, वर काढला आणि हसली. तो फोटो पथारीच्या फाटकावर लागला. त्या दिवशी इंदूला मनापासून वाटत होतं की आपण बायांचं भलं करतोय.

हंगामाच्या मध्यापर्यंत निम्म्या बायांचे हात गार झाले. गरम हाताच्या बाया मागे पडल्या. पडद्यावर त्यांची नावं लाल दिसू लागली, आणि मग दिसेनाशी झाली. पुढच्या हंगामात फाटकावर विचारायचे ते एवढंच: गार का गरम?

भिकीनं पहिल्याच दिवशी इंजेक्शन घेतलं होतं. पावसाळ्यात चुलीतला निखारा तिच्या चपलेत पडला. वास आला तेव्हा ती म्हणाली, कुणाच्या घरी मटण करपतंय? पाय घोट्यापासून काढावा लागला. लोटनआप्पानं तिला पहिल्या रांगेत बसायची जागा दिली. खुडायला पाय कुठे लागतात, असं म्हणाला, आणि भिकीही त्यावर हसली.

*

लग्न होऊन गेलेली रीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सगळ्या वस्तीत गरम हाताची बाई ती एकटीच होती. मुलगी झाली. चिमुकली, काळ्याभोर डोळ्यांची, भूक लागली की हवेतच तोंड उघडणारी.

एका संध्याकाळी इंदू पथारीवरून आली, मोरीत हात धुतले, साबण लावून चांगले चोळले आणि नातीला उचललं. तिच्या ओठावर बोट फिरवलं. पोरगी क्षणभर स्तब्ध झाली. मग तिनं असा टाहो फोडला की रीना भाकरी तव्यावर टाकून धावली. मुठी चोळून चोळून पोरीनं ते डोळ्यांत नेलं होतं. पापण्या सुजून बंद झाल्या. रीनानं बाळाच्या गालाला ओठ लावले आणि मागे सरकली.

"माय! मिरची आहे हिच्या तोंडाला!"

"मी धुतले ना हात. तुझ्यादेखत धुतले."

"किती वेळ धुतले?"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आग थांबली की हात स्वच्छ झाले. आग होती तोवर कुणी बाई तान्ह्या पोराला शिवायची नाही, तिला कुणी सांगावंही लागायचं नाही. आता थांबायचं कधी हे सांगणारं आत कुणी उरलं नव्हतं. तिनं हात पुन्हा धुतले, पुन्हा धुतले, राखेनं घासले, आणि प्रत्येक वेळी ते आधीसारखेच वाटले.

रीनानं तूप लावून, दूध टाकून पोरीचे डोळे निववले. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "माय, तू हिला हात नको लावू."

"बरं."

"रागावू नको."

"रागवत नाही. खरंच आहे तुझं."

त्या दिवसापासून इंदू दारातूनच नात बघायची. पाळण्याची दोरीही धरायची नाही.

बारशाला लोटनआप्पा पेढे घेऊन आला. पाळण्यात डोकावला आणि म्हणाला, "हिला तर पाळण्यातच देऊन टाका इंजेक्शन. जन्मजात हुशार निघेल!" रीनाचा नवरा अंकुश जोरात हसला. त्याचं ट्रकवरचं काम चालकाविना धावणाऱ्या गाड्यांनी खाल्लं होतं आणि तो महिनाभर सासूच्या घरी खाटेवर पडून होता.

"हिला नको, पण हिच्या मायला द्या," तो म्हणाला. "घरात दोन बाया आणि कमावती एक."

"रीनाला नाही," इंदू म्हणाली.

लोटनआप्पानं पेढा तोंडात टाकला. "इंदू, तू नाही म्हणतेस? फाटकावर तुझा फोटो आहे बाई."

"मला आजार होता, आप्पा. हिला काय झालंय?"

"तुला होता म्हणूनच तर. शिबिरवाले पहिला प्रश्न तोच विचारतात, घरात कुणाला होता का. आईला होता म्हटलं की नंबर पहिला." तो उठला. "तुझ्या पोरीचं नाव तुझ्या गाठीनंच लावून ठेवलंय."

इंदूनं रीनाला समजावलं, रागावली, एक दिवस जेवली नाही. रीना ऐकून घ्यायची. "माय, पथारीवर गरम बाईला घेत नाहीत. दुसरं काय करू सांग." नंदुरबारात इंदूला पथारीशिवाय काहीच माहीत नव्हतं.

आणि एका दुपारी ती घरी आली तर रीना चुलीसमोर बसलेली, तळवा ज्वाळेवर धरून, तोंडभर हसत.

"बघ माय! काहीच नाही!"

इंदूनं तिचा हात ओढला. तळव्यावर फोड येऊ लागला होता.

"इंजेक्शन देताना मात्र असं पेटलं ना," रीना सांगत होती, "वाटलं मरतेय. आणि मग एकदम गार. कशी आग व्हायची तेही आता नीट आठवत नाही बघ." मग ती उठली, पाळण्यातून पोरीला काढलं आणि आईच्या पुढे केलं. "घे. इतके दिवस मी तुला दूर ठेवलं, वाईट वाटायचं मला. आता आपण दोघी सारख्या झालो. घे ना!"

इंदूनं हात मागे घेतले.

*

"हातमोजे घालता येणार नाहीत?" डॉ. केळुसकरांनी विचारलं. इंदू वर्षाचं इंजेक्शन घ्यायला आली होती आणि घेत नव्हती.

"मोज्यात देठ सुटत नाही, मॅडम. आप्पा घालूही देत नाही."

"मिरचीचा अंश दाखवणारी कागदी पट्टी मिळते. मी मागवते."

"हाताला लावीन. पदराला लावू का? केसांना? रीना पोरीला अंगावर पाजते. परवा चोळीवर रस उडाला होता. पोरगी छातीला तोंड लावायची आणि किंचाळून सोडायची. आम्ही दोघी म्हणतोय दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळल्या. चोळी धुतली तेव्हा पोरगी प्यायला लागली, तेव्हा कळलं."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वडील आहेत ना तिचे? त्यांना तर इंजेक्शन नाही."

"तो सुरतेला गेला. बायको कमवायला लागल्यावर त्याच आठवड्यात."

"वस्तीत दुसरं कुणी?"

"सगळ्या गार. बाप्ये कामाला परगावी."

"मी हे औषध कर्करोगासाठी आणलं होतं, इंदूताई."

"तुमचं औषध चांगलंच आहे. मी जगले ना."

"इंजेक्शन चुकवलंत तर नसा परत वाढतील. तुमच्या अंगात गाठीच्या पेशी अजून कुठे तरी झोपलेल्या असणार. नसा तिथेही पोहोचतील आणि त्यांना उठवतील. हे मी भीती घालायला सांगत नाही. हे असंच होतं."

"आधी काय येईल? बोटांची आग, का गाठ?"

हा प्रश्न डॉक्टरांना आजवर कुणी विचारला नव्हता. "आग," त्या शेवटी म्हणाल्या. "नसा आधी येतात."

"मग चालेल," इंदू उठत म्हणाली. "घरात एकाला तरी कळायला पाहिजे."

*

आग परत आली ती करंगळीतून. पथारीवर खुडताखुडता तिला बारीक चुरचुर जाणवली आणि ती जागच्या जागी थांबली. पडद्यावर तिचं नाव खाली घसरू लागलं. काही दिवसांनी दोन्ही हात पूर्वीसारखे पेटायला लागले. लोटनआप्पानं तिचा तळवा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला, जसा नासका माल पाहतात.

"गरम झालीस तू, इंदू."

"झाले."

"मुद्दाम?"

तिनं हात सोडवून घेतला. दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला आत घेतलं नाही. फोटो मात्र तसाच राहिला.

घरी तिला आता एकच काम होतं आणि ते ती मन लावून करायची. पोरीची दुपटी, पाळण्याची दोरी, रीनाचा पदर, सगळं ओठांना लावून बघायची. ओठ बोटांपेक्षा लवकर सांगतात. संध्याकाळी रीना हात धुऊन तिच्यापुढे बोटं धरायची. इंदू एकेक बोट ओठाला टेकवायची.

"परत धू."

"अजून?"

"अंगठा राहिलाय. धू."

पोरगी बाळसं धरू लागली. ओल्या मुठीनं आजीचं नाक पकडायची. मनापासून हसायची इंदू, तेवढ्या काळात जितकी हसली तितकी पूर्वी कधीच हसली नव्हती. मग बरगड्यांत दुखायला लागलं. आधी ठणका, मग श्वास घेताना सुरी फिरल्यासारखं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच, त्याच क्रमानं. नव्या इंजेक्शननं आता गाठी थांबल्या नसत्या, पण दुखणं गेलं असतं. डॉ. केळुसकर स्वतः ते घेऊन घरी आल्या.

"निदान यातना तरी वाचतील."

"आणि रीनाची बोटं?" इंदूनं विचारलं.

डॉक्टर इंजेक्शन परत घेऊन गेल्या.

रीनाला आईचं कण्हणं कळायचं नाही. कानांना ऐकू यायचं, पण ते कशासाठी हे आतून लागायचं नाही. "खूप दुखतं का गं माय?" ती विचारायची, परगावच्या हवेची चौकशी करावी तशी. "कुठपर्यंत दुखतं? आणि मग काय होतं?" इंदू सांगायचा प्रयत्न करायची. रीना लक्ष देऊन ऐकायची आणि मग भाकऱ्या थापायला उठायची.

हळूहळू इंदूचं उठणं बंद झालं. खाट दाराजवळ सरकवली होती, तिथून पाळणा दिसायचा. गोळ्यांच्या गुंगीत दिवसाचा बराच भाग जायचा.

अशाच एका संध्याकाळी तिला जाग आली. उन्हं अजून ओसरीवर होती. रीना कामावरून आली होती आणि पाळण्याजवळ उभी होती. मोरीतून पाणी वाहत होतं, म्हणजे तिनं हात धुतले होते. इंदूनं सवयीनं मान वर केली, ओठ पुढे केले. रीना खाटेकडे आली नाही. ती वाकली, तर्जनी बाळाच्या खालच्या ओठाला हलकेच टेकवली, आणि थांबली. पोरीच्या चेहऱ्याकडे नीट बघत, चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाण्याची वाट बघावी तशी.

पोरीचं तोंड वाकडं झालं. मग तिनं टाहो फोडला.

"राहिलीच अजून," रीना स्वतःशी म्हणाली आणि मोरीकडे गेली.

"रीना!" इंदूनं हाक मारली. "रीना, काय करतेस तू?"

"जागी झालीस? तुला उठवत नव्हते."

"इकडे ये. माझ्या तोंडाला लाव."

रीना साबण चोळत होती. तिचा चेहरा शांत होता. त्यात राग नव्हता, कंटाळाही नव्हता.

"तू किती दिवस पुरणार आहेस, माय?" ती म्हणाली. "तिला आणि मला सवय करायला नको?"

इंदूनं खाटेची कड धरून उठायचा प्रयत्न केला. बरगड्यांतली कळ तिला पुन्हा आडवी पाडून गेली. रीनानं हात पदराला पुसले, पाळण्याजवळ आली आणि बोट पुढे केलं. पोरगी रडून रडून थकली होती, तिला भूक लागली होती. आईचा हात जवळ येताना दिसला तसं तिनं रडणं थांबवून तोंड उघडलं.